जिम लावताना: आधी काय करायचं ते ठरवा, मग कुठे

जिम लावणारे बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात. चकचकीत मशीन्स बघून किंवा वर्षभराच्या सवलतीला भुलून पैसे भरतात, आणि तिथे गेल्यावर काय करायचं हे ट्रेनरवर किंवा शेजारचा काय करतोय त्यावर सोडून देतात. नव्याचे नऊ दिवस सरले की पैसे जिममध्ये आणि माणूस घरी. क्रम सरळ ठेवला तर यातलं बरंचसं टळतं. आठवड्यात खरोखर किती वेळ निघतो ते आधी बघायचं, मग त्या वेळेत कोणता व्यायाम बसतो ते, आणि सगळ्यात शेवटी त्या व्यायामाचं साहित्य तुमच्या वेळेला कुठे मोकळं मिळेल ते.

पायरी १: वेळ मोजा, तीही दारापासून दारापर्यंत

गेल्या दोन आठवड्यांचा दिनक्रम आठवून कागदावर लिहा. ठरवलेला नाही, घडलेला. त्यात कोणत्या दिवशी, किती वाजता मोकळीक होती ते खुणा करून ठेवा. मग एका फेरीचा हिशेब मांडा: व्यायाम ५० मिनिटं, जाऊन-येऊन ३०, कपडे बदलणं १०, अंघोळ १५. झाली १०५ मिनिटं. आठवड्यातून तीनदा म्हणजे सव्वापाच तास. ‘रोज एक तास काढीन’ असं म्हणणाऱ्याच्या मनात ही वरची ५५ मिनिटं नसतात, आणि तिसऱ्या आठवड्यात घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

दिवस ठरवताना चांगला आठवडा डोळ्यांसमोर आणू नका. घरी पाहुणे आहेत, कामाचा डोंगर आहे, झोप अपुरी आहे अशा आठवड्यातही जितके दिवस जमतील तितकेच धरा. दोन निघाले तर दोन. कागदावरच्या पाचांपेक्षा पाळलेले दोन कधीही सरस.

किमान किती हवं, याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार हालचाल करावी, आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. वय ६५ च्या पुढे असेल तर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीनदा हवेत. आता यात जिमची गरज कुठे पडते ते बघा. पहिला भाग भरभर चालून, सायकल चालवून, पोहून होतो. वजनं लागतात ती दुसऱ्या भागाला. फक्त ट्रेडमिलवर चालण्यासाठी जिम लावणार असाल, तर बाहेर चालायला सोयीची, सुरक्षित जागा आहे का ते आधी पाहा. रस्ता फुकट आहे.

याच कागदावर तुमचा हेतू मोजता येईल अशा शब्दांत लिहा. ‘फिट व्हायचंय’ यावरून काहीच ठरत नाही. ‘सामान घेऊन तीन मजले न थांबता चढायचेत’, ‘सलग ३० मिनिटं धावायचंय’, ‘गुडघे न टेकता १० पुश-अप्स मारायचेत’ यावरून व्यायाम निवडता येतो. वजन कमी करणं हाच हेतू असेल तर एक कटू गोष्ट आधीच कळलेली बरी: वजनाच्या काट्यावर खाण्याचा परिणाम व्यायामापेक्षा मोठा असतो. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत यासाठी मात्र ताकदीचा व्यायाम लागतोच.

तब्येतीचा प्रश्नही इथेच मिटवा. पार-क्यू प्लस नावाची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. हृदयविकार किंवा रक्तदाब आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, दीर्घकाळचा आजार आहे का, त्यासाठी औषधं चालू आहेत का, हाडासांध्यांचं दुखणं आहे का, डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलंय का, असे सात प्रश्न तिच्या सुरुवातीला असतात. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर डॉक्टरांशी बोलून मगच पुढे जा. आणि यातलं काहीही न विचारता थेट पावतीपुस्तक उघडणारी जिम पहिल्याच परीक्षेत नापास समजा.

पायरी २: कार्यक्रम निवडा

नवख्याला गुंतागुंतीचं काहीच लागत नाही. शरीराच्या चार-पाच मूळ हालचाली आहेत: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं. कोणत्याही कार्यक्रमावर या पाच शब्दांची फूटपट्टी लावा. पाचही त्यात असतील तर तो पुरेसा आहे, आणि एखादी गायब असेल तर का गायब आहे ते विचारा.

दोन दिवसांचा असा आराखडा बहुतेकांना चालतो.

पहिला दिवस: गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी उभा धरून बैठक), डंबेल बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून डंबेल वर ढकलणं), बसून केबल रो (मशीनच्या दोरीची मूठ पोटाकडे ओढणं), आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन ३० मीटर चालणं.

दुसरा दिवस: रोमेनियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून वजन उचलणं), लॅट पुलडाऊन (बसून, डोक्यावरचा मशीनचा दांडा छातीकडे खाली ओढणं), उभ्याने डोक्यावर डंबेल प्रेस (डंबेल खांद्यांपासून वर ढकलणं), आणि स्टेप-अप (उंचवट्यावर एकेका पायाने चढणं-उतरणं).

प्रत्येक व्यायामाचे ३ सेट, म्हणजे न थांबता करायच्या तीन फेऱ्या. चालण्याचा व्यायाम सोडला तर सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा (स्टेप-अप प्रत्येक पायाने तितक्या), आणि दोन सेटमध्ये २ मिनिटं विश्रांती. आठवड्यातून तीनदा जाणार असाल तर एक-दोन-एक, पुढच्या आठवड्यात दोन-एक-दोन, आणि मध्ये एक दिवस मोकळा. वेळ मोजून बघा: १२ सेट, प्रत्येकी ४० सेकंद व्यायाम आणि १२० सेकंद विश्रांती, म्हणजे ३२ मिनिटं. वॉर्मअपची ८ आणि साहित्य आणण्या-ठेवण्याची १० धरली की बरोबर ५० होतात. तुम्हाला कुणी दीड तासाचा कार्यक्रम दिला, तर जास्तीची ४० मिनिटं कशासाठी आहेत ते विचारा. बऱ्याचदा चार तऱ्हांनी हातांचे बायसेप्सच फिरवलेले असतात.

जिममध्ये पोचलात की तुमच्या हातात बहुधा याहून वेगळा तक्ता पडेल: सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार पाय, शुक्रवार हात. मुरलेल्यांना तो चालतो. नवख्याला का चालत नाही, ते कॅलेंडरच सांगतं. एक गुरुवार चुकला की पायांना थेट पुढच्या गुरुवारी काम मिळतं, म्हणजे मध्ये १४ दिवसांचा खंड. पूर्ण शरीराच्या कार्यक्रमात एक दिवस चुकला तरी सगळ्या स्नायूंना त्याच आठवड्यात दुसरी पाळी मिळालेली असते. शिवाय हालचाल शिकायची तर ती आठवड्यातून एकदा करून हातापायांत बसत नाही.

*किती वजनापासून सुरुवात?*

हे आकडे कुणी दुसऱ्याने सांगायचे नसतात, जागेवरच शोधायचे असतात. गॉब्लेट स्क्वॉट घ्या. ६ किलोचा डंबेल दोन्ही तळव्यांनी वरच्या टोकाखाली धरा, कोपरं खाली, पाय खांद्यांएवढे रुंद, चवडे किंचित बाहेर. दहा बैठका मारा. डंबेल खाली ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारा: आणखी किती जमल्या असत्या? सहा किंवा जास्त, तर वजन हलकं आहे, पुढचा डंबेल उचला. दोन-तीन, तर हेच तुमचं सुरुवातीचं वजन. एकही नाही, तर खाली उतरा. पोचल्याची खूण अशी की शेवटच्या दोन रेप्स मंदावतात, पण त्यांचा आकार पहिल्या दोन रेप्ससारखाच राहतो. टाचा उचलायला लागल्या, गुडघे आत वळले किंवा पाठीला बाक आला तर सेट तिथेच संपला, मग आकडा कितीही असो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून तीन. सवय नसलेल्या स्नायूंवर वजन खाली आणतानाचा ताण पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं. २४ ते ७२ तासांत हे दुखणं सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. पण पहिल्याच दिवशी हौसेने शंभर बैठका मारल्या तर तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि आरंभशूरांची गाडी इथेच रुळावरून उतरते. अंग प्रमाणाबाहेर सुजलं, दुखणं वाढतच गेलं आणि लघवी गडद तपकिरी झाली तर हा साधा ठणका नव्हे. तुटलेल्या स्नायूंमधले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

*वजन वाढवायचं कसं?*

३ सेट आणि १० रेप्सचा जो पाढा जिममध्ये ऐकू येतो, त्याचं मूळ १९४० च्या दशकात आहे. थॉमस डेलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत्या वजनाचे व्यायाम देत असत. त्यांनी आणि आर्थर वॉटकिन्स यांनी नंतर मांडलेल्या पद्धतीत दहा रेप्सचे तीन सेट होते: जेमतेम दहा वेळा उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. आकडे आज बदललेत, गाभा तोच आहे. वजन, रेप्स किंवा सेट यांतलं काहीतरी हळूहळू वाढलं पाहिजे. सहा महिने तोच डंबेल तितक्याच वेळा उचलणाऱ्याचं शरीर पहिल्या दोन महिन्यांतच त्याला सरावलेलं असतं.

सोपा नियम असा: तिन्ही सेटमध्ये ८ पासून सुरू करा, जमेल तशा रेप्स वाढवा, तिन्ही सेट १२ चे झाले की वजन एक पायरी वाढवून पुन्हा ८ वर या. आता इथे एक खाच आहे, आणि ती जिम निवडण्याशी थेट जोडलेली आहे. डंबेल २.५ किलोच्या टप्प्यांनी ठेवले असतील तर १० वरून १२.५ वर जाणं म्हणजे २५ टक्के वाढ. डोक्यावरच्या प्रेसमध्ये ५ वरून ७.५ म्हणजे तर ५० टक्के! बारा रेप्स सहज मारणारा माणूस इथे पाचाला अडतो, कंबर मागे वाकवून वजन वर ढकलतो, आणि दोष स्वतःला देतो. दोष पायरीच्या उंचीचा असतो. अशा वेळी जुन्याच वजनाने १५ रेप्सपर्यंत जा आणि मग उडी मारा, किंवा १ किलोच्या टप्प्यांचे डंबेल असलेली जिम शोधा. बारबेलवर, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायच्या लांब दांड्यावर, हा त्रास कमी होतो. दोन्ही बाजूंना १.२५ किलोची प्लेट लावली की ४० चे ४२.५ होतात, म्हणजे जेमतेम ६ टक्के.

मशीन की मोकळी वजनं, या वादात पडू नका. दोन्हींनी ताकद वाढते. मशीनवर एकच काळजी घ्या. मशीनचा हात ज्याभोवती फिरतो तो आस आणि तुमचा सांधा एका रेषेत आला पाहिजे. लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघे सरळ करत वजन उचलायचं मशीन) गुडघ्याची बाहेरची बाजू त्या आसासमोर यायला हवी. पाठीमागची गादी पुढे-मागे करून ते जुळवतात. खूप बुटक्या किंवा उंच माणसाला काही मशीन्स कितीही फिरवली तरी बसत नाहीत. ती सोडून द्या.

दमश्वासाच्या व्यायामाला घड्याळापेक्षा जीभ बरी. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम वेग. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, हा जोमदार. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र फक्त अंदाजाचं आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. समूहाचे क्लास उत्साह टिकवायला चांगले, पण त्यात वजन वाढत जातं का आणि जमत नसेल त्याला सोपा पर्याय देतात का, हे दोन प्रश्न विचारा. घड्याळ लावून जड बारबेलच्या जास्तीत जास्त रेप्स करायच्या असतील असे वर्ग पहिले तीन महिने टाळा. थकलेल्या अवस्थेत, घाईत, न शिकलेली हालचाल करायची म्हणजे दुखापतीला आवतण.

पायरी ३: जिम बघायला जा, तुमच्याच वेळेला

दाखवायला बोलावतात ते बहुधा दुपारी, जिम रिकामी असताना. तुम्ही संध्याकाळी सात वाजता जाणार असाल तर सोमवारी संध्याकाळी सातलाच जा. आठवड्याच्या सुरुवातीला गर्दी जास्त असते, तेवढ्यात भागलं तर पुढे भागेल. बारबेलचे रॅक (दांडा टेकवायच्या उभ्या चौकटी) मोजा आणि त्यांच्यापाशी ताटकळणारी माणसं मोजा. एक जण रॅकवर पंधरा-वीस मिनिटं सहज घेतो. तुमच्या पुढे एक जरी असला तरी पन्नास मिनिटांतली वीस गेली.

अंतराबद्दल थोडक्यात: घर आणि कामाची जागा यांच्या वाटेवर असलेली साधी जिम, वाट वाकडी करून जावं लागणाऱ्या उत्तम जिमपेक्षा जास्त वापरली जाते.

मग साहित्याला हात लावा. नुसतं बघून कळत नाही. ६ ते १५ किलोंमधले डंबेल उचलून टोकं पिळून बघा, सैल लागली तर देखभाल होत नाही. जोड्या पुऱ्या आहेत का? ८ चा एक आणि १० चा एक अशा विजोड जोड्या संध्याकाळी रडवतात. बारबेल किती किलोचा आहे ते विचारा. नेहमीचा मोठा २० किलोचा असतो आणि महिलांच्या स्पर्धेतला १५ चा, पण जिममध्ये याहून हलके आणि आखूडही ठेवलेले असतात. ‘माहीत नाही, असेल पंधरा-वीस’ असं उत्तर आलं तर तुमची वही तिथे अंदाजपंचे चालणार. हलका बारबेल आहे का हेही बघा, कारण डोक्यावरच्या प्रेससाठी नुसता २० किलोचा दांडा अनेक नवख्यांना जड जातो.

रॅकला सेफ्टी आर्म्स हवेतच, म्हणजे दांडा सुटला तर तो झेलणारे आडवे खांब. एकट्याने बेंच प्रेस करणार असाल तर त्यांची उंची अशी लावा: छाती फुगवून, खांदे मागे खेचून झोपल्यावर दांडा छातीला टेकला पाहिजे, पण छाती सैल सोडली की तो खांबांवर बसला पाहिजे. मोकळ्या दांड्याने हे दोनदा करून बघितलं की खांब रॅकच्या एक भोक वर लावायचे की खाली ते कळतं. ज्या बेंचला ही सोय नाही, तिथे सोबतीशिवाय जड वजन घेऊ नका.

केबलच्या मशीनवर दोरीचं प्लास्टिक टोकाशी, पट्टी अडकवतात तिथे, नीट बघा. वेष्टण फाटून आतली तार दिसत असेल तर ती एक दिवस तुटणार आहे, तुमच्या तोंडासमोर. वजनाच्या थराला मूळ पिन आहे की कुणीतरी खिळा नाहीतर बोल्ट खुपसलाय? ट्रेडमिलला कपड्यांना अडकवायची सुरक्षा दोरी हवी, आणि ती ओढल्यावर पट्टा थांबतो का ते करून बघा. मागे साधारण दोन मीटर मोकळी जागा हवी. भिंतीला टेकवून लावलेल्या ट्रेडमिलवरून घसरलेला माणूस पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो.

बाकीचं भरभर: हवा खेळती आहे का, फरशी कोरडी आहे का, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह आणि कुलपाची कपाटं आहेत का, बाक पुसायला फडकं आहे का, बाहेर पडायच्या दारासमोर मशीन तर ठेवलेलं नाही ना. कुणी कोसळलं तर छातीवर दाब देऊन श्वास देणं कुणाला येतं, आणि हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र कुठे आहे, हे सरळ विचारा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर तेच उत्तर.

शेवटी एका दिवसाचा पास मागा आणि तुमचा पहिला दिवस पूर्ण करून बघा. घड्याळ लावून. पन्नास मिनिटांच्या कामाला ऐंशी लागली तर जिम चांगली असेलही, पण त्या वेळेला ती तुमची नाही.

ट्रेनर पारखताना

कोपऱ्यात पंधरा मिनिटं उभं राहून बघा. ट्रेनर माणसाकडे बघतोय की मोबाइलकडे? नुसते आकडे मोजतोय की हालचाल सुधारतोय? मागच्या वेळचं वजन वहीत बघून आजचं ठरवतोय, की आलेल्या प्रत्येकाला तोच व्यायाम देतोय? पिळदार दंड हे चांगल्या शिकवण्याचं प्रमाणपत्र नव्हे.

प्रमाणपत्र विचारायला लाजू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनसारख्या स्वतंत्र संस्था परीक्षा घेऊन ते देतात. जिमने स्वतःच्याच नोकराला स्वतःच दिलेला कागद वेगळा. मग विचारा, ‘पहिल्या दिवशी माझ्याकडून काय करून घ्याल?’ चांगला ट्रेनर उलट प्रश्न करतो: जुनी दुखापत, झोप, काम बैठं की उभ्याचं, याआधी काय केलंय. घाम गाळून दाखवण्यातच ज्याला फुशारकी वाटते त्याच्यापासून दूर राहा, आणि पहिल्याच भेटीत पावडरचा डबा काढणाऱ्यापासूनही. आकार सुधारताना हात लावण्याआधी त्याने विचारलं पाहिजे.

वर्षभराचं खासगी प्रशिक्षण बहुतेकांना लागत नाही. सुरुवातीला चार ते सहा सत्रं घेऊन आठ हालचाली नीट शिका, मग महिन्यातून एकदा तपासून घ्या.

पैसे आणि कागद

स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मासिक शुल्काचा करार केलेले लोक महिन्याला सरासरी ४.३ वेळाच येत होते. दहा फेऱ्यांचा सुटा पास घेतला असता तर त्यांना प्रत्येक फेरी बरीच स्वस्त पडली असती. आपण किती वेळा येऊ याचा अंदाज माणूस वाढवून धरतो, आणि वर्षाच्या योजना त्याच अंदाजावर चालतात.

म्हणून भागाकार स्वतः करा. प्रवेश शुल्क, सभासदत्व, कर, लॉकर, ट्रेनर ही सगळी बेरीज करा आणि ठरवलेल्या फेऱ्यांच्या साठ टक्क्यांनी भागा. तीन दिवस ठरवलेत तर वर्षाला १५६ नाही, ९४ फेऱ्या धरा. जो आकडा येईल तो एका फेरीचा खरा भाव. आणि बारा महिने आठ महिन्यांच्या दरात मिळत असतील, तर नववा महिना सुरू झाल्याशिवाय तुमचा काहीच फायदा झालेला नसतो.

पहिल्यांदा एक महिना, मग तीन, मग वर्ष. आधी वर्षाचे भरले आणि जिमला कुलूप लागलं तर वसुलीसाठी हेलपाटे तुमचेच. सही करण्याआधी कागदावर पुढच्या गोष्टी शोधा: मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण होतं का, बंद करायला किती दिवस आधी आणि कसं कळवायचं, आजारपणात सभासदत्व गोठवता येतं का, गाव बदललं तर काय, गर्दीच्या वेळेला बंदी आहे का. तोंडी आश्वासन मिळालं तर ‘एवढं लिहून द्या’ म्हणा. ‘आज रात्रीपर्यंतच’ असलेली सवलत पुढे बहुधा दुसऱ्या नावाने येतेच. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

पहिले बारा आठवडे

वही ठेवा. मोबाइलमध्येही चालेल, पण ओळ अशी दिसली पाहिजे: ‘गॉब्लेट स्क्वॉट, १२ किलो: १०, १०, ९. पुढच्या वेळी हेच, तिन्ही १०.’ पुढचा दिवस उघडताच काय करायचं ते समोर असतं, विचार करत फिरावं लागत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, आरशात मात्र काही दिसत नाही. याचं कारण, सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहे त्याच स्नायूंना एकत्र जुंपायला शरीर शिकतं, आकार मागाहून येतो. सवयीचंही तसंच. २१ दिवसांत सवय लागते, ही नुसती ऐकीव गोष्ट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यक (निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. वाईट आठवड्यासाठी आखूड आवृत्ती ठरवून ठेवा: स्क्वॉट आणि रो, प्रत्येकी दोन सेट, वीस मिनिटांत बाहेर.

सलग तीन वेळा वजनही वाढलं नाही आणि रेप्सही नाहीत, तर आधी झोप आणि चुकलेले दिवस तपासा. ते ठीक असेल तर वजन दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढा. दुखण्यातला फरक ओळखा: स्नायूभर पसरलेला बोथट ठणका चालतो. सांध्यात एका जागी टोचणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा चालत नाही. तो व्यायाम थांबवा, बाकीचे चालू ठेवा, आणि आठवडाभरात कमी झालं नाही तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर आठवडाही थांबू नका.

बारा आठवड्यांआधी कार्यक्रम बदलू नका. नूतनीकरणाचा दिवस आला की वहीतल्या फेऱ्या मोजा. तीन दिवसांच्या हिशेबाने ३६ व्हायला हव्या होत्या. २७ किंवा जास्त असतील तर लांब मुदतीचे पैसे भरायला हरकत नाही. १५ ते २६ असतील तर कोणते वार चुकले ते बघा. बहुतेकदा एकच वार पुन्हा पुन्हा चुकलेला सापडतो, तो काढून दोन दिवसांचा कार्यक्रम करा. १५ पेक्षा कमी असतील तर सुटा पास घ्या, किंवा वजन बदलता येणारे दोन डंबेल आणि एक बाक घरी आणा. वरच्या आठातले सहा व्यायाम त्यावर होतात. बाकावर एक हात टेकून दुसऱ्या हाताने डंबेल ओढला की केबल रोचं कामही भागतं. लॅट पुलडाऊनसाठी मात्र लोंबकळता येईल असा पक्का आडवा बार शोधावा लागेल.